पेब्रिन : आईकडून अंड्यात उतरणारा रोग

बुलडाणा : तुतीची कोवळी पाने बारीक चिरून ट्रेमध्ये पसरली की नुकत्याच जन्मलेल्या, मुंगीएवढ्या काळ्या अळ्या त्यांवर तुटून पडतात. पुढील २५ ते २८ दिवसांत या अळीचे वजन सुमारे १० हजार पटींनी वाढते. या काळात ती चार वेळा कात टाकते आणि अखेरीस स्वतःभोवती रेशमाचा कोष विणते. कापूस व सोयाबीन यांवर भिस्त असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात ज्या शेतकऱ्यांनी तुतीची वाट धरली आहे, त्यांना हे वेळापत्रक तोंडपाठ असते.

एखाद्या बॅचमध्ये मात्र हे वेळापत्रक बिघडते. पाला तोच, संगोपनगृह तेच, माणसेही तीच. तरीही काही अळ्या कातीवर बसतच नाहीत, काही लहानच राहतात, काही मागे पडून मरतात. एकाच ट्रेमध्ये तीन आकारांच्या अळ्या दिसू लागतात. दोष पाल्याला दिला जातो, उन्हाला दिला जातो, कधी नशिबालाही दिला जातो. वास्तविक अशा वेळी एक शंका तपासून पाहणे आवश्यक असते. अळीच्या शरीरात पेब्रिनचा परजीवी तर नाही? आणि असेल, तर तो या संगोपनगृहात शिरला की अंड्यातूनच आला?

हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रेशीम अळीला होणाऱ्या अन्य रोगांपेक्षा पेब्रिन वेगळा ठरतो तो याच कारणाने. ग्रासरी हा विषाणूंमुळे, मस्कार्डिन हा बुरशीमुळे आणि फ्लॅचरी हा प्रामुख्याने जिवाणू व विषाणूंमुळे होणारा रोग आहे. स्वच्छता, हवा आणि पाला यांची काळजी घेऊन या रोगांना बऱ्याच अंशी दूर ठेवता येते. पेब्रिन मात्र मादी पतंगाकडून अंड्यात आणि अंड्यातून अळीत उतरतो. म्हणजेच संगोपनगृह कितीही स्वच्छ असले, तरी अंडीच दूषित असतील तर शेतकऱ्याची लढाई सुरू होण्यापूर्वीच हरलेली असते.

एका पेशीचा जीव

पेब्रिनला कारणीभूत असलेल्या परजीवीचे नाव ‘नोसेमा बॉम्बिसिस’. तो एकपेशीय आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी १८५७ मध्ये त्याला हे नाव दिले. त्याच्यासारख्या जीवांच्या गटाला ‘मायक्रोस्पोरिडिया’ म्हणजे सूक्ष्म बीजाणूंचे जीव असे म्हटले जाते. दीर्घकाळ त्यांची गणना आदिजीवांत केली जात असे. पुढे जनुकांचा अभ्यास झाल्यावर ते बुरशीचे जवळचे नातलग असल्याचे स्पष्ट झाले.

शरीराबाहेर हा परजीवी बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू लंबगोल, चकचकीत आणि जाड कवचाचा असतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन ते चार पट एवढीच. अशा अवस्थेत तो काही खात नाही व वाढतही नाही. तो केवळ वाट पाहतो. संगोपनगृहातील धुळीत, वाळलेल्या विष्ठेत किंवा मेलेल्या अळीच्या अवशेषांत तो दीर्घकाळ तग धरू शकतो.

दूषित पाल्याबरोबर बीजाणू अळीच्या पोटात गेला की त्याची झोप मोडते. रेशीम अळीच्या आतड्यातील रस तीव्र अल्कधर्मी असतो. त्या रसाच्या संपर्कात येताच बीजाणूत गुंडाळून ठेवलेली एक अतिसूक्ष्म नळी झटक्यात बाहेर फेकली जाते. ही नळी आतड्याच्या पेशीत घुसते आणि बीजाणूतील सजीव द्रव्य तिच्यातून थेट पेशीच्या आत पोहोचते. इंजेक्शनची सुई जे काम करते, तेच काम ही नळी करते. पेशीत शिरल्यानंतर परजीवी तिच्याच अन्नावर व ऊर्जेवर वाढतो, पुनःपुन्हा विभागतो आणि शेवटी नव्या बीजाणूंनी ती पेशी भरून टाकतो. तेथून संसर्ग चरबीच्या ऊतींत, स्नायूंत, रेशीम ग्रंथींत आणि मादीच्या अंडाशयात पसरतो. अळीच्या विष्ठेतूनही बीजाणू बाहेर पडू लागतात आणि शेजारच्या निरोगी अळ्या तोच पाला खातात.

अळीच्या अंगावर कधीकधी मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. दक्षिण फ्रान्समधील बोलीत मिरीला जो शब्द आहे, त्यावरूनच या रोगाला ‘पेब्रिन’ हे नाव पडले. मात्र ठिपके प्रत्येक वेळी दिसतातच असे नाही. अळ्यांची असमान वाढ, भूक मंदावणे आणि कात टाकण्यातील अनियमितता ही लक्षणे कमी पाल्याने किंवा उष्णतेनेही उद्भवू शकतात. त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून निदान करता येत नाही. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

निरोगी दिसणारा कोष, दूषित अंडी

पेब्रिनचा खरा धोका त्याच्या सावकाश वाढीत आहे. अंड्यातूनच रोग घेऊन आलेल्या अळ्या बहुधा कोष विणण्यापूर्वीच मरतात. परंतु मरेपर्यंत त्या विष्ठेवाटे बीजाणू पसरवत राहतात. ज्या अळीला शेवटच्या अवस्थांत संसर्ग होतो, ती मात्र अनेकदा जगते, कोष विणते आणि तो कोष पाहणाऱ्याला निरोगी वाटतो. कोष विकून सूत काढायचे असेल तर त्या शेतकऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. पण तोच कोष बियाण्यासाठी राखला गेला, तर त्यातून बाहेर पडणारी मादी संसर्ग झालेली अंडी घालते. नुकसान अशा रीतीने एका शेतकऱ्याच्या शेडमधून निघून, त्याची ओळखही नसलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये पोहोचते.

आकड्यांत मांडल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. एका मादीने घातलेल्या अंड्यांच्या समूहाला अंडीपुंज म्हणतात. त्यात साधारणपणे ४०० ते ५०० अंडी असतात. शेतकरी १०० अंडीपुंजांची बॅच घेतो, तेव्हा त्याच्याकडे ४० ते ५० हजार अळ्या येतात. या शंभरांपैकी एकच मादी रोगट होती असे मानले, तरी ४०० हून अधिक अळ्या रोगाच्या सावटाखाली जन्मतात. बॅचच्या तुलनेत हे प्रमाण फक्त एक टक्का. परंतु सर्व अळ्या एकाच ट्रेमध्ये, एकाच पाल्यावर वाढत असल्याने हा एक टक्का तेवढ्यावर थांबत नाही.

आता बहुसंख्य शेतकरी अंडी घरी उबवत नाहीत. पहिल्या दोन अवस्थांपर्यंत अळ्या चॉकी केंद्रात, म्हणजे बालकीटक संगोपन केंद्रात वाढवल्या जातात आणि नंतर शेतकऱ्यांना दिल्या जातात. यामुळे नाजूक अळ्यांना योग्य तापमान व आर्द्रता मिळते, शेतकऱ्याचे कष्ट वाचतात आणि उत्पादन वाढते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एका केंद्रातून अनेक गावांना अळ्या जातात. केंद्रात दूषित अंडी आली, तर एकाच वेळी अनेक शेतकऱ्यांची बॅच धोक्यात येते.

पाश्चर आणि पतंगांची तपासणी

या रोगावर जो उपाय आज केला जातो, तो सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या दक्षिण भागात रेशीम हा हजारो कुटुंबांचा आधार होता. १८५३ मध्ये तेथे कोषांचे उत्पादन सुमारे २६ हजार टन होते. रोगाने थैमान घातल्यानंतर १८६५ पर्यंत ते सुमारे चार हजार टनांवर घसरले. इटली व अन्य देशांतून आणलेली अंडीही काही काळाने रोगट निघू लागली.

१८६५ मध्ये लुई पाश्चर यांना आले या गावी पाठविण्यात आले. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि रेशीम अळीशी त्यांचा पूर्वी कधी संबंध आलेला नव्हता. रोगट अळ्या व पतंगांत आढळणारे चकचकीत कण त्यांच्या आधीच्या अभ्यासकांनी पाहिले होते. सुरुवातीला पाश्चर यांनी या कणांना परजीवी मानलेच नाही. आपले मत चुकले हे प्रयोगांनी दाखवून दिल्यावर त्यांनी ते बदलले. या काळात त्यांच्यावर वैयक्तिक आघातही झाले. वडील व दोन मुली यांचा मृत्यू झाला आणि १८६८ मध्ये त्यांना स्वतःला पक्षाघात झाला. तरीही संशोधन थांबले नाही.

पाश्चर यांनी सुचविलेली पद्धत सोपी होती. प्रत्येक मादीला अंडी घालण्यासाठी स्वतंत्र जागा द्यायची. अंडी घालून झाली की ती मादी चिरडून तिच्या शरीरातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. बीजाणू आढळले तर तिची अंडी जाळून टाकायची. न आढळल्यास ती अंडी ठेवायची. अंडी तपासण्यापेक्षा आई तपासणे अधिक भरवशाचे, हे या पद्धतीचे मर्म होते. त्रिएस्तजवळील व्हिला व्हिचेंतिना या ठिकाणी १८६९-७० च्या हंगामात या पद्धतीने केलेले संगोपन यशस्वी झाले आणि १८७० मध्ये पाश्चर यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

भारतालाही या रोगाची झळ बसली. बंगाल व काश्मीर येथील रेशीम उद्योगाची एकोणिसाव्या शतकात जी घसरण झाली, तिच्या कारणांमध्ये हा रोगही होता. काश्मीरमध्ये तर उद्योग पुन्हा उभा करण्यासाठी १८९० च्या दशकात युरोपातून अंडी मागवावी लागली. तपासलेल्या बियाण्याशिवाय रेशीम टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

रोगमुक्त अंडीपुंज म्हणजे काय?

शेतकऱ्याला मिळणाऱ्या अंड्यांच्या कागदावर ‘रोगमुक्त अंडीपुंज’ असे शब्द असतात. ते जाहिरातीचे शब्द नव्हेत. त्यांचा अर्थ ठरलेला आहे. अंडी घालणाऱ्या माद्यांची पेब्रिनसाठी तपासणी झाली आहे आणि त्यांत बीजाणू आढळलेले नाहीत, असा तो अर्थ. अंडीपुंज निर्मिती केंद्रात अंडी घातल्यानंतर माद्या पोटॅशियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात वाटल्या जातात. तो द्रव गाळून, वेगाने फिरवून खाली बसलेला साका सुमारे ६०० पट मोठे दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. ज्या अंड्यांपासून पुढे बियाणेच तयार करायचे असते, त्या पिढीत एकेक मादी तपासली जाते. व्यावसायिक अंड्यांच्या बाबतीत नमुना पद्धत वापरली जाते.

देशात १९४८ च्या कायद्यान्वये केंद्रीय रेशीम मंडळ अस्तित्वात आले. या कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि २०१० मध्ये रेशीम बियाण्यासंबंधी नियम लागू झाले. त्यानुसार अंडीपुंज तयार करणारे, बियाण्याचे कोष पिकविणारे आणि चॉकी केंद्र चालविणारे अशा सर्वांना नोंदणी बंधनकारक झाली. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसलेल्या एका बीजाणूची किंमत किती गावांना मोजावी लागते, हे लक्षात घेतले की या नोंदणीचा हेतू कळतो.

महाराष्ट्रात रेशीम संचालनालयाचे मुख्यालय नागपूर येथे असून जिल्हास्तरावर रेशीम कार्यालये आहेत. पूर्वी राज्यातील शेतकऱ्यांना कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालना येथे कोष बाजारपेठ सुरू झाली. जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठी हे अंतर मोठ्या प्रमाणात कमी झाले. बाजार जवळ आला की लागवड वाढते, लागवड वाढली की अंड्यांची मागणी वाढते. मागणी वाढल्यावर न तपासलेल्या, नोंदणी नसलेल्या ठिकाणच्या स्वस्त अंड्यांचा मोह निर्माण होतो. पेब्रिनला शिरायला नेमकी हीच फट पुरते.

विदर्भाच्या पूर्व भागातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशीम घेतले जाते. टसर अळीलाही नोसेमा गटातील परजीवीपासून पेब्रिन होतो. तेथे अळ्या बंद खोलीत नव्हे, तर उघड्यावर झाडांवर वाढतात. जंगल निर्जंतुक करता येत नाही. त्यामुळे तेथे तपासलेल्या बियाण्याचे महत्त्व आणखी वाढते.

औषध का नाही?

फवारणी करून कीड मारण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परजीवी अळीच्या पेशींच्या आत राहतो. त्याला मारणारे औषध अळीलाही सोसवले पाहिजे, पाल्यातून पोटात गेले पाहिजे आणि ४० हजार अळ्यांना परवडले पाहिजे. मधमाश्यांतील नोसेमावर ‘फ्युमॅजिलिन’ हे औषध काही देशांत वापरले गेले आहे. परंतु रेशीम संगोपनात भिस्त ठेवावी असा औषधोपचार रूढ झालेला नाही. म्हणूनच रोग झाल्यावर बरा करण्याऐवजी तो आत येऊ न देणे, हाच मार्ग उरतो.

अंडी शुद्ध असली तरी काम संपत नाही. मागील बॅचचे बीजाणू भिंतीवर, ट्रेमध्ये, चंद्रिकांत आणि शेडच्या धुळीत असू शकतात. तुतीवर येणाऱ्या काही पतंगवर्गीय किडींच्या अळ्यांतही मायक्रोस्पोरिडिया आढळतात आणि त्यांपैकी काही रेशीम अळीला बाधू शकतात. किडीने खाल्लेला, विष्ठेने माखलेला पाला थेट अळ्यांपुढे टाकणे म्हणूनच धोक्याचे असते.

परजीवींचे मोठे कुटुंब

मायक्रोस्पोरिडियाचे जग रेशमापुरते मर्यादित नाही. मधमाश्यांच्या आतड्यात राहणारे त्यांचे भाऊबंद वसाहती दुबळ्या करतात. कोळंबीच्या शरीरात वाढणारी ‘एंटरोसायटोझून हेपॅटोपिनाय’ ही जात २००९ मध्ये थायलंडमधून वर्णिली गेली. भारतातील कोळंबी तलावांतही ती पोहोचली आहे. तिची लागण झालेली कोळंबी पटकन मरत नाही. तिची वाढच खुंटते. खर्च होत राहतो आणि वजन मात्र वाढत नाही. रेशीम उत्पादकाला ही तक्रार ओळखीची वाटेल.

हेच परजीवी कधी माणसाच्या उपयोगीही पडतात. नाकतोड्यांना मारणाऱ्या एका मायक्रोस्पोरिडियाला अमेरिकेत १९८० मध्ये कीडनाशक म्हणून मान्यता मिळाली. केनियातील हिवताप पसरविणाऱ्या डासांत ‘मायक्रोस्पोरिडिया एमबी’ हा जीव आढळला. तो डासाला फारसा त्रास देत नाही, पण त्याच्या शरीरात हिवतापाच्या परजीवीला वाढू देत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. विशेष म्हणजे तोही आईकडून अंड्यांत उतरतो. जो गुण रेशीम उत्पादकाला घातक ठरतो, तोच हिवतापाविरुद्धच्या लढाईत उपयोगी पडेल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- अंडीपुंज किंवा चॉकी अळ्या नोंदणीकृत केंद्रातूनच घ्याव्यात. बॅचचा क्रमांक व तारीख असलेला कागद कोष विकले जाईपर्यंत जपून ठेवावा. रोग आढळल्यास तो कोणत्या माद्यांच्या अंड्यांतून आला, हे शोधण्याचा तोच धागा असतो.

- प्रत्येक बॅचपूर्वी व बॅचनंतर संगोपनगृह व साहित्य धुऊन निर्जंतुक करावे. त्यासाठी २ टक्के ब्लीचिंग पावडर व ०.३ टक्के विरलेला चुना यांचे द्रावण वापरण्याची शिफारस आहे. फवारणी करताना नाका-तोंडावर कापड बांधावे.

- कातीवर न बसणाऱ्या, लहान राहिलेल्या अळ्या हाताने वेचून चुना टाकलेल्या भांड्यात ठेवाव्यात. त्या शेडबाहेर किंवा तुतीच्या ओळीत फेकू नयेत. कोंबड्यांनाही घालू नयेत.

- वाढीत मोठी तफावत दिसताच अशा काही अळ्या जिल्हा रेशीम कार्यालयाच्या मार्गदर्शनाने तपासून घ्याव्यात. पेब्रिन निश्चित झाल्यास ती बॅच नष्ट करणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

- अळ्यांची विष्ठा व उरलेला पाला ताजा असताना तुतीच्या बागेत टाकू नये. खड्ड्यात चांगले कुजवूनच त्याचा खत म्हणून वापर करावा.

- सुताच्या कोषांतून निघालेल्या पतंगांची अंडी घरी धरून पुढील बॅच घेऊ नये. वाचलेला खर्च क्षुल्लक असतो. त्यातून उद्भवणारा धोका मात्र सर्व शेजाऱ्यांना भोगावा लागतो.

यांपैकी बॅच नष्ट करण्याचा सल्ला सर्वांत कठीण आहे. महिनाभराचे कष्ट, तुटलेला पाला आणि मजुरी एका दिवसात चुन्यात जाते. अशा वेळी चांगल्या दिसणाऱ्या अळ्या तरी वाचवाव्यात, असे कोणत्याही शेतकऱ्याला वाटणारच. पण चांगल्या दिसणाऱ्या अळीतूनच हा रोग पुढच्या पिढीपर्यंत प्रवास करतो. अंडी तयार करणाऱ्या केंद्रात एखादी मादी रोगट निघाली की तिची अंडी जाळली जातात आणि त्या नुकसानीच्या आधारावरच बुलडाण्यातील शेडमध्ये निरोगी अळी पोहोचते. साखळीच्या एका टोकाला सूक्ष्मदर्शकासमोर बसलेला कर्मचारी आणि दुसऱ्या टोकाला तुती तोडणारा शेतकरी यांची कधी भेट होत नाही. तरीही एकाने केलेला आळस दुसऱ्याला भोवतो. पेब्रिनविरुद्धचे खरे औषध कोणतेही रसायन नसून या दोघांचा प्रामाणिकपणा हेच आहे.